चाकाआडचा लाल रंग

स्पेसर म्हणतात मला. आता जुना झालोय, एका अंगाला चेपलोय आणि माझ्या भोकांच्या कडा फाटल्यात. मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी मला कधी पाहिलं नसेल, आणि त्यात तुमचा काही दोष नाही. माझी जागाच मुळी चाकाआड. लोकांना टायर दिसतो, चकचकीत रिम दिसते, मी दिसत नाही. रस्त्यात मी कुणाला दिसलोच, तर समजावं की काहीतरी घात झालाय.

मी म्हणजे ॲल्युमिनियमची एक जाड चकती. मधोमध मोठं भोक, त्याच्याभोवती लहान भोकं. गाडीचं चाक ज्या गोल तबकडीवर बसतं तिला हब म्हणतात. त्या हबमधून जाड बोल्ट बाहेर आलेले असतात, ते स्टड. स्टडवर आधी मी चढतो, माझ्यावर चाक चढतं आणि शेवटी नट आवळले जातात. मधे उभं राहायचं आणि चाकाला जरा बाहेर ढकलून धरायचं, एवढंच माझं काम. कुणी म्हणेल, हा उपद्व्याप हवाय कशाला? सांगतो. शर्यतीच्या ट्रॅकवर पळणाऱ्या गाडीला रुंद टायर लागतात. रुंद टायरला रुंद रिम लागते, आणि रुंद रिम बसवली की ती आतल्या अंगाने ब्रेकला घासते. मी मधे आलो की घासत नाही. बाजारातून घरी जायच्या गाडीला माझा काही उपयोग नाही, आणि मलाही तिचा नाही.

माझा जन्म लेथवर झाला. ज्या टर्नरने मला कातलं तो तोंडाचा भलता फटकळ होता. ॲल्युमिनियमच्या एका जाड दांड्यातून त्याने आम्हा चौघा भावांना कापून काढलं आणि प्रत्येकाच्या दोन्ही बाजू सपाट करत बसला. केसाएवढाही उंचसखलपणा त्याला खपत नव्हता. "हे वाकडं राहिलं तर चाक थरथरेल," तो मशीनशीच बोलायचा, "आणि गाडीतलं माणूस माझ्या नावाने बोटं मोडेल. नकोच ती भानगड." शेवटी त्याने आम्हाला उजेडात धरून पाहिलं, नाक मुरडलं आणि म्हणाला, "चालेल." त्याच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे पुष्कळच होतं.

आम्हाला न्यायला एक तरुण आला होता. घरात तो धाकटा, म्हणून सगळे त्याला धाकट्याच म्हणत. राहत्या घराला लागून त्याचं छोटं गॅरेज होतं. चाकं, टायर, ब्रेक हे त्याचं काम, आणि ट्रॅकच्या गाड्या हा त्याचा जीव की प्राण. पण गाडी चालवायची त्याची बहीण. तिला सगळे ताई म्हणत, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. ती एरवी लोकांना गाडी चालवायला शिकवायची. दिवसभर शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून "क्लच, क्लच, अहो क्लच!" असं ओरडून तिचा घसा बसायचा. सुट्टीच्या दिवशी ती ट्रॅकवर जायची आणि सगळा राग गिअरवर काढायची. ही अशी मूर्ती मी आयुष्यात दुसरी पाहिली नाही. हसायला लागली की पाना हातातून पडायचा तिच्या.

तिसरे बाबा. ते रंगारी. एके काळी दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांचं अक्षर पाहून लोक रस्त्यात थांबायचे म्हणे. पुढे छापील पाट्या आल्या, बाबांची कामं आटली आणि हातालाही थोडा कंप आला. बायको त्याआधीच गेली होती. मग ते दिवसभर गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसायचे आणि धाकट्याला विचारायचे, "काही धरू का रे?" धाकटा खाली वाकलेलाच म्हणायचा, "नको बाबा, होतंय." ताईच्या गाडीच्या दारावर आकडा स्वतःच्या हाताने काढायची त्यांची फार इच्छा होती. धाकट्याने छापील आकडा आणून चिकटवला, कारण रंग वाळायला वेळ नव्हता. बाबा नुसते चष्मा पुसत बसले.

आमच्या गॅरेजात एक रीत होती. चाक चढवण्याआधी धाकटा हबवर तारेचा ब्रश मारायचा, फडक्याने पुसायचा आणि मग माझ्या दोन्ही तोंडांवरून, म्हणजे सपाट बाजूंवरून, तळहात फिरवायचा. उघडा तळहात, हातमोजा न घालता. वाळूचा कण, गंजाची खपली, ग्रीसचा डाग, काही म्हणजे काही त्याला चालायचं नाही. "धातूला धातू भिडला पाहिजे," तो म्हणायचा, "मधे कुणी लुडबुड करायची नाही." मला हसू यायचं, कारण मी स्वतःच मधे लुडबुड करणारा! पण त्याचं खरं होतं. मधे मऊ काही राहिलं की ते दबतं. ते दबलं की नटाची पकड सैल पडते. आणि नट एकदा सैल पडला की तो कुणाचा सगा नसतो.

मग तो समोरासमोरचे नट आलटूनपालटून आवळायचा, शेवटी टॉर्क पाना लावायचा. हा पाना मोठा शिस्तीचा. ठरलेला जोर लागला की 'कट्' असा वाजतो. ट्रॅकवर पहिल्या फेऱ्या मारून गाडी आत आली आणि चाकं जरा निवली की तो पुन्हा पाना लावायचा. नट जागचा न हलता पाना लगेच वाजला, की सगळं ठीक. ताई आतून विचारायची, "झालं?" आणि धाकटा म्हणायचा, "जा." हा शब्द कानावर पडल्याशिवाय तिने कधी गाडी हलवली नाही. एकदा मी तिला कुणाला तरी सांगताना ऐकलं, "वळणावर मला भीती वाटत नाही हो. माझी चाकं माझ्या भावाने लावलीत."

किती सुखाचे दिवस होते ते! मी पुढच्या डाव्या चाकात असायचो. वळणावर सगळा भार माझ्या अंगावर यायचा. ब्रेक इतका तापायचा की मला धग सहन होत नसे, तरी मी तसूभर हललो नाही. आमची गाडी जुनी आणि स्वस्तातली, शेजारी नव्या कोऱ्या गाड्या उभ्या, पण वळणावर त्यांची त्रेधा उडायची आणि आमची ताई चिकटून निघून जायची. लोक धाकट्याला येऊन विचारायचे, "काय केलंस रे या गाडीला?" तो लाजून म्हणायचा, "काही नाही, चाकं नीट लावलीत." बाबा मागे उभे राहून सगळ्यांना सांगत सुटायचे, "माझी पोरं आहेत. दोघंही माझीच."

आणि मग ती दुपार आली. अजून आठवली की वाटतं, त्या दिवशी पाऊस तरी लागायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी मोठा दिवस होता. शर्यतीच्या एका नावाजलेल्या टीमचा माणूस ताई गाडी कशी चालवते ते बघायला ट्रॅकवर येणार होता. ती त्याला पसंत पडली असती तर ताईला क्लच क्लच ओरडण्यातून कायमची सुट्टी मिळणार होती. धाकट्याने नवे टायर आणले होते, मऊ रबराचे, नक्षी जवळजवळ नसलेले. चाकं उतरवलेली, आम्ही चौघं धुऊनपुसून टेबलावर मांडलेले. धाकटा नुसता भिंगरी झाला होता. बाबांना राहवलं नाही. ते उठले आणि नटांचा डबा उचलून देऊ लागले. हात कापला, डबा सुटला आणि सगळे नट दारातल्या वाळूत विखुरले.

"बाबा!" धाकटा कडाडला. "कितीदा सांगितलं, हात लावू नका म्हणून! तुमच्याने काही होत नाही आता. बसा ना एका जागी!"

 बाबा खाली वाकून नट वेचू लागले. ताई दारातच उभी होती. तिने धाकट्याचा दंड धरून त्याला बाजूला नेलं. "असं बोलतात बाबांशी? काय वाटलं असेल त्यांना? तुझ्या जिभेला काही हाड आहे की नाही?" धाकटा मान खाली घालून म्हणाला, "तोंडातून निघून गेलं गं." "मग तोंडानेच परत घे ते." पण तसं चटकन कुठे घेता येतं? टायर रिमवर चढवून आणायचे होते, टायरवाला दुकान बंद करण्याआधी पोचायचं होतं. चाकं टेम्पोत टाकून भाऊबहीण निघून गेले.

बाबा एकटे राहिले. ते खुर्चीत जाऊन बसले. मग त्यांची नजर आमच्यावर गेली. ते उठले, घरातून रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आले. मित्रांनो, त्यांच्या मनात काय होतं ते मला नीट कळलं, कारण ते स्वतःशीच बोलत होते. "काही होत नाही म्हणे माझ्याने. थांबा, दाखवतो." अंगणात वर्तमानपत्र पसरून त्यांनी आम्हाला त्यावर ठेवलं आणि लाल रंग द्यायला घेतला. एकदा हातात ब्रश आला की त्यांचा हात कापत नसे, हे मी डोळ्यांनी पाहिलं. कडा रंगवल्या, वरचं तोंड रंगवलं, उन्हात वाळवून पालथं केलं आणि दुसरंही रंगवलं. ॲल्युमिनियमवर रंग नीट धरत नाही म्हणून आणखी एक हात दिला, मग आणखी एक. वरून रंग वाळला, पण आत मऊच होता. घाईत दिलेला जाड रंग आतून ओला राहतो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! पण पाटीला तेवढ्याने काही होत नाही. स्पेसरला होतं, हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

मला ओरडावंसं वाटत होतं. पण आम्हाला तोंडं दोन असली तरी वाचा नाही.

संध्याकाळी दोघं परत आले. अंगणात चार लाल चकत्या उतरत्या उन्हात चमकत होत्या, आणि बाजूला बाबा उभे. नवा खेळ करून दाखवायला मुलं उभी राहतात ना, अगदी तसे.

"अय्या बाबा!" ताई ओरडली. "किती सुरेख! तुम्ही केलंत?"

"मग काय! म्हटलं, आपल्या पोरीच्या गाडीत आपलंही काहीतरी असावं." बाबांनी धाकट्याकडे पाहिलं. "कसं झालंय रे?"

धाकट्याने मला उचललं. सवयीप्रमाणे त्याचा तळहात माझ्या तोंडावरून फिरला आणि मधेच थांबला. त्याचा चेहरा पडला. ताईने त्याच्याकडे पाहून हळूच विचारलं, "चालेल ना रे रंग?" त्याने बाबांकडे पाहिलं. दुपारपासून पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. धाकटा म्हणाला, "चालेल की. छान झालंय, बाबा." बाबांनी त्याच्या पाठीवर थोपटलं. दुपारचं सगळं त्या थोपटण्यात धुऊन निघालं, असं त्याला वाटलं असावं.

तो काही मूर्ख नव्हता. दोघं आत गेल्यावर तो मला हातात घेऊन पुटपुटला, "उद्या पहाटे उठतो आणि दोन्ही तोंडं खरवडून काढतो. कडा राहू दे लाल. चाक चढल्यावर कडेशिवाय दिसणारच नाही काही, बाबांना कळणारही नाही." किती साधा उपाय होता! खरवडायला लागला असता जरासा वेळ. माझा जीव भांड्यात पडला.

पण पहाटे धाकटा गॅरेजात आला तेव्हा बाबा आधीच तिथे होते. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, गाडीशेजारी स्टूलावर बसलेले. आम्ही चौघं त्यांच्या मांडीवर. "चल," ते म्हणाले, "मी एकेक देतो, तू लाव. एवढं तर होईल ना माझ्याने?" धाकटा घुटमळला. "बाबा, तुम्ही चहा घेऊन या ना तोवर." "चहा होत राहील रे." त्यांनी मला पुढे केलं. धाकट्याने मला घेतलं. त्याच्या ओठांवर शब्द आला होता, मी सांगतो ना तुम्हाला, आला होता. मग त्याने तो गिळला आणि मला हबवर चढवलं. वर चाक आलं. नट आवळले. पाना 'कट्' वाजला. माझ्या अंगावरचा रंग दोन्हीकडून चेपला गेला.

ट्रॅकवर गर्दी होती. बाबा येईल त्याला चाकाच्या आऱ्यांमधून बोट घालून दाखवत होते, "ती लाल कड दिसते ना? मी रंगवलीय." पहिल्या फेऱ्या मारून ताई आत आली. ब्रेकच्या धगीने रंग नरम पडला होता, मला माझ्याच अंगाचा जळका वास येत होता. धाकट्याने पाना लावला. नट फिरला. जागचा हलायला नको होता, तो चांगला फिरला आणि मग 'कट्' वाजलं. दुसराही फिरला. तिसराही. धाकट्याच्या कपाळावर घाम आला. त्याने पुन्हा सगळे आवळले आणि ताईला म्हणाला, "जरा जपून घे." ती पुन्हा गेली, पुन्हा आली. पुन्हा पाना लावला आणि नट पुन्हा फिरले.

आता मात्र चाक उतरवायलाच हवं होतं. जॅक बाजूलाच होता. धाकटा जॅककडे वळला. तेवढ्यात टीमचा तो माणूस आला. बाबा त्याला हाताला धरून गाडीशी घेऊन आले होते. "हे बघा साहेब, ही माझी पोरगी, हा माझा मुलगा. आणि ते आतलं लाल दिसतंय ना, ते मी केलंय." साहेब हसून म्हणाले, "अरे वा, अख्खं घरच लागलंय की कामाला!" ताईने हेल्मेट चढवलं. "झालं का रे? साहेब थांबलेत." धाकट्याने एकदा जॅककडे पाहिलं, एकदा बाबांच्या तोंडाकडे पाहिलं. चाक उतरवलं असतं तर सगळ्यांदेखत रंग खरवडावा लागला असता, का ते सांगावं लागलं असतं.

"झालं," तो म्हणाला. "जा."

पुढचं मी थोडक्यात सांगतो. लांबवून सांगण्यासारखं ते नाही. ताई सुसाट निघाली. तिने विश्वास ठेवला होता ना! रंग भिजवलेल्या कणकेसारखा होऊन माझ्या अंगावरून सरकू लागला. नट एकेक करून ढिले होत गेले. चाक ठोके देऊ लागलं आणि माझी भोकं स्टडवर आपटून फाटू लागली. ताईला ते कळलं. तिने वेग कमी केला, खिडकीतून हात बाहेर काढून मागच्यांना खूण केली आणि गाडी कडेला घ्यायला लागली. शहाणी पोर, सगळं बरोबर करत होती. पण शेवटच्या वळणावर स्टड तुटले. चाक वेगळं होऊन पुढे पळालं, मी मागे घरंगळलो आणि गाडी भिंतीवर गेली.

धाकटा धावत आला. बाबा त्याच्यामागे, जमेल तसे. ताईला दवाखान्यात नेलं. ती परत आली नाही.

ट्रॅकच्या अधिकाऱ्यांनी विचारलं, "नट कुणी आवळले होते?" धाकटा म्हणाला, "मी. माझ्याकडून कमी आवळले गेले." बाबा तिथेच होते. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "एकच काम होतं तुझं." बस, एवढंच. त्यानंतर ते त्याच्याशी बोलले नाहीत.

मला, माझ्या भावांना आणि तुटक्यामुटक्या सामानाला एका पोत्यात भरून घरी पाठवलं. धाकट्याने ते पोतं न सोडता जुन्या टायरांच्या मागे ढकलून दिलं. गॅरेजला कुलूप लागलं. त्याने पुन्हा पाना हातात धरला नाही, एका गोदामात माल उचलायला जाऊ लागला. भिंतीपलीकडून घरातले आवाज मला ऐकू यायचे. ताट ठेवल्याचा आवाज, पाण्याचा तांब्या ठेवल्याचा आवाज, खुर्ची सरकल्याचा आवाज. माणसाचा आवाज नाही. बाबा दोघांचा स्वयंपाक करायचे, धाकट्याचं ताट झाकून ठेवायचे आणि तो यायच्या आत आपल्या खोलीत जायचे. शेजारीपाजारी कुजबुजायचे की पोराच्या हलगर्जीपणाने बहिणीचा जीव घेतला. धाकट्याने कुणाचं तोंड धरलं नाही. मला मात्र आत पडल्या पडल्या असा संताप यायचा! सांग ना एकदा. निदान आता तरी सांग. पण तो मुकाट्याने सोसत राहिला. बापाला ते कळू नये म्हणून पोराने स्वतःच्या डोक्यावर सगळं घेतलं होतं.

एक दिवस गॅरेजचं कुलूप निघालं. बाबा आले होते. त्यांना ताईचे हातमोजे हवे होते. शोधता शोधता ते पोत्यापर्यंत पोचले. मोजे सापडले. ते त्यांनी गालाला लावले, आणि मग मी त्यांच्या हाताला लागलो.

आपला रंग त्यांनी लगेच ओळखला. दारात उजेडाला नेऊन त्यांनी मला चष्म्याजवळ धरलं. कडेचा रंग तसाच होता, लालभडक. तोंडावरचा मात्र चेपून, सरकून, भोकांच्या कडेला वळकटी होऊन साठला होता. त्यांनी नख रोवलं. नख सहज आत गेलं. सगळा जन्म रंगात घालवलेला माणूस तो. कुठे रंग दबला, कुठे घसरला, कशाने घसरला, हे त्यांना कुणी समजावून द्यायला नको होतं. त्यांनी मग माझ्या भावांनाही काढून पाहिलं. सगळ्यांची तीच गत. बाबा तिथेच जमिनीवर बसले आणि संध्याकाळ होईपर्यंत उठले नाहीत.

धाकटा कामावरून आला तो गॅरेजचं दार उघडं बघून आत धावला. बाबांच्या मांडीवर मी होतो.

"रंगाने झालं ना हे?" बाबा म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज त्याने ऐकला असेल.

"नाही बाबा. मी नट..."

"खोटं नको बोलूस. पाया पडतो तुझ्या."

धाकटा खाली बसला.  "हो," तो म्हणाला. "रंगामुळे पकड सुटली."

"आणि मी तुला बोल लावला. तू ऐकून घेतलंस. का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला सहन झालं नसतं."

"ते नाही विचारत मी." बाबांनी मला बाजूला ठेवलं. "त्या संध्याकाळी अंगणात मी तुला विचारलं, कसं झालंय. तेव्हा का नाही सांगितलंस?"

धाकटा हुंदका देऊन म्हणाला, "दुपारी तुमच्यावर ओरडलो होतो. तुम्ही इतके खूश होतात, बाबा. म्हटलं, पुन्हा वाईट वाटेल तुम्हाला."

"वाटलं असतं," बाबा म्हणाले. "रुसलो असतो मी. जेवलो नसतो कदाचित. ताईने दोघांनाही दम भरला असता, आणि मला हाताला धरून पानावर आणून बसवलं असतं." त्यांनी ताईचे मोजे हातात घेतले.  "ती असती रे."

मग बापाने लेकाला जवळ ओढलं आणि दोघं रडले. मला पुन्हा पोत्यात कुणी टाकलं नाही. धाकट्याने मला टेबलावर ठेवलं, तारेचा ब्रश घेतला आणि माझ्या तोंडांवरचा रंग घासून घासून काढला. बाबा बाजूला बसून पाहत होते. सगळा रंग निघाल्यावर त्याने माझ्यावरून तळहात फिरवला. मी पुन्हा गुळगुळीत झालो होतो. आता मला लावायला गाडीच नव्हती.

मित्रांनो, माझी निगा राखा, असं मी म्हणणार नाही. माझं आता काय राहिलंय! पण तुम्ही मोठे व्हाल, कुणाच्या तरी गाडीचं चाक तुमच्या हातात येईल. तेव्हा मधली जागा नीट पुसून घ्या, हाताने चाचपून बघा. नट एकदा आवळला तरी पुन्हा बघा, आणि तो फिरला तर साहेब उभे असोत नाहीतर आणखी कुणी, चाक उतरवा. आणि एक विनवणी आहे. आपलं माणूस मायेने काहीतरी करून तुमच्यासमोर ठेवील आणि ते चुकीचं असेल, तर त्याला तिथल्या तिथे सांगा. गोड शब्दांत सांगा, पण सांगा.

त्या घरात आता बोलणं सुरू झालंय. बापलेक रोज एका पंगतीला जेवायला बसतात, एकमेकांपासून काही लपवत नाहीत, मनाला लागलं तर लागलं म्हणून मोकळे होतात. सगळं कसं असायला हवं तसं आहे. फक्त ते ऐकायला ताई नाही.